नॉबला हात लावण्याआधी

वाचक विचारतात : केबल टीव्ही आणि फायबर

पावसाळा सरला की या सदराच्या टपालात केबलचालकांची पत्रं वाढतात. यंदाही तेच झालं. सूर बहुतेकांचा एकच : "सिग्नल वाढवला, तरी चित्र फुटतंय." सिग्नल वाढवणं आणि सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याने कधी कधी दुसरं बिघडतं. खालच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल. कोणाला राग आला तर येऊ द्या.

ॲनालॉगच्या काळात दोष हळूहळू दिसायचा. पडद्यावर आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, मग गिऱ्हाइकाचा फोन. २०१२ मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पुढच्या चार-पाच वर्षांत तो गावोगाव पोहोचला आणि मुंग्या गेल्या. डिजिटल चित्र शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम चौकोन पडून अडकतं. बॉक्स २०४ बाइटच्या प्रत्येक पाकिटात ८ बाइटपर्यंतच्या चुका निमूटपणे दुरुस्त करतो. नववा बाइट चुकला की ते पाकीट गेलं. म्हणून चित्र छान दिसतंय यावर विसंबू नका. मीटर लावा, आणि त्यावर नुसती लेव्हल बघू नका. एमईआर बघा, म्हणजे नॉइज आणि विकृतीच्या वर सिग्नल किती डीबी (ताकदीतला फरक मोजायचं माप) उरलाय ते कळेल. बीईआर बघा, म्हणजे प्रत्यक्षात किती बिट चुकतायत ते कळेल.

आमच्या कंट्रोल रूमपासून अलोऱ्याच्या बाजूच्या नोडपर्यंत (प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या पेटीपर्यंत) २२ किलोमीटर फायबर आहे, १५५० नॅनोमीटरवर. लाइन टाकली तेव्हा नोडवर उणे २ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश होता, आता उणे ६ येतो. लेव्हल पडली म्हणून नोडचे पॅड (सिग्नल कमी करणारे तुकडे) काढले, पुढच्या ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) वाढवला. लेव्हल पहिल्यासारखी झाली, पण शेवटच्या वाडीत चौकोन पडतात. ॲम्प्लिफायर बदलू का? — एक केबलचालक, चिपळूण

बदलू नका. ॲम्प्लिफायरचा यात काही दोष नाही. उलट तो तुमचं ऐकून नको ते काम करतोय.

आधी हिशेब करू. पत्रात तुम्ही पोर्टमधून ५ डीबीएम निघतो असं लिहिलंय. १५५० वर चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला ०.२२ डीबीच्या आसपास प्रकाश जातो, म्हणजे २२ किलोमीटरला ४.८. दर दोन किलोमीटरला एक ड्रम संपतो असं धरलं तर दहा जोड. मशीनने नीट वितळवून केलेल्या जोडाला ०.०५ धरा, सगळे मिळून अर्धा डीबी. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३, म्हणजे १.२. बेरीज साडेसहा. ५ मधून साडेसहा गेले की उणे दीड. तुमची सुरुवातीची उणे २ याला धरूनच होती, म्हणजे लाइन मुळात चांगली टाकलेली होती. आजचे चार डीबी वाटेत कुठेतरी सांडतायत. मला यातली चांगली बातमी दिसते : चार डीबी २२ किलोमीटरवर विखरून जात नाहीत, एक-दोन ठिकाणीच जातात.

आता हे चार डीबी इतके का झोंबतात? नोडमधला डायोड प्रकाशाच्या प्रमाणात करंट देतो, आणि आरएफची, म्हणजे तारेवरच्या टीव्ही सिग्नलची, ताकद करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून प्रकाश १ डीबी पडला की आरएफ २ डीबी पडते. तुमचे चार म्हणजे नोडच्या तोंडाशी आठ. डायोडच्या मागच्या सर्किटचा स्वतःचा नॉइज मात्र आहे तिथेच राहतो. पॅड काढून तुम्ही आठ डीबी परत मिळवलेत, पण त्याबरोबर नॉइजही तेवढाच उचललात. लेव्हल मीटर खूश, एमईआर मात्र पडलेलाच. तुम्ही कळवलेले आकडे तेच सांगतात : नोडवर ३६ होता तो २९, शेवटच्या घरात २५. चौसष्ट क्वामचा (एका वेळी ६४ खुणांपैकी एक पाठवायच्या पद्धतीचा) बॉक्स २४-२५ ला काठावर उभा असतो. हवा गरम झाली, कनेक्टर थोडा हलला, की पडला.

मग शोध कसा घ्यायचा? कंट्रोल रूमपासून सुरू करा. ट्रान्समीटरच्या, मग स्प्लिटरच्या (प्रकाश अनेक फायबरमध्ये वाटणाऱ्या पेटीच्या) पोर्टवर पॉवर मीटर लावा आणि आकडा वहीत लिहा. बऱ्याचदा दीड-दोन डीबी तिथल्या पॅचकॉर्डमध्येच (पेट्या जोडणाऱ्या छोट्या फायबरमध्ये) सापडतात, आणि लोक मात्र घाटात शिडी घेऊन फिरत असतात. तिथे सगळं ठीक असेल तर ओटीडीआर लावा, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश कुठे किती गळतो ते आलेखावर दाखवणारं यंत्र. तोही दोन तरंगलांबींवर, १३१० आणि १५५०. एखाद्या जागी १३१० वर जेमतेम पायरी आणि १५५० वर मोठी पायरी दिसली, तर तिथे फायबर वाकलंय किंवा दाबलं गेलंय. १५५० चा प्रकाश गाभ्याच्या बाहेर जास्त पसरून चालतो, म्हणून वाकणाला तो आधी निसटतो. दोन्हीवर सारखीच पायरी असेल तर जोड किंवा कनेक्टर बघा. एका बाजूने बघताना एखाद्या जोडावर प्रकाश वाढलेला दिसेल. त्यावर हुरळून जाऊ नका. दोन फायबरचे गुण थोडे वेगळे असले की तसं दिसतं. दुसऱ्या टोकाकडूनही मोजा आणि सरासरी काढा.

तुमच्या भागात मला दोन जागांचा संशय आहे. महामार्गाच्या रुंदीकरणात जिथे खांब हलवले गेले, तिथे घाईने केलेला जोड असू शकतो. मशीन हाताशी नसताना दाबून बसवलेला यांत्रिक जोड "तात्पुरता" म्हणून राहतो आणि त्यातलं जेल वाळलं की डीबी खायला लागतो. दुसरी जागा जॉइंट बॉक्स. कोकणातल्या पावसात झाकणाचं रबर एकदा सुटलं की आत पाणी साचतं आणि ट्रेमधल्या वळ्या झाकणाखाली दबतात. बॉक्स उघडल्यावर वळीची रुंदी बघा, तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट काही ठेवू नका. खांबावर ठेवलेला जादा केबलचा गुंडाळा बाइंडिंग तारेने आवळलेला असेल तर तोही सैल करा. हे आपल्याकडे इतकं सर्रास दिसतं की शोध तिथूनच सुरू केला तरी हरकत नाही.

प्रकाश परत उणे २ वर आला की काढलेले पॅड आठवणीने पुन्हा बसवा. नाहीतर तोच ॲम्प्लिफायर आठ डीबी जास्त ओतेल आणि विकृतीने चित्र फुटेल. मग तुम्ही म्हणाल, फायबर दुरुस्त करून बिघडलं.

हिरवा कनेक्टर नव्हता म्हणून निळा लावला. चित्र येतंय. चालेल का? — एक लाइनमन, बार्शी

नाही. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही समोरासमोर आले की मध्ये फट राहते. प्रकाश तर जातोच, शिवाय निळ्या तोंडावरून काही भाग सरळ मागे परततो. इंटरनेटच्या लाइनला ते एक वेळ चालतं, तिथे फक्त शून्य-एक ओळखायचं असतं. टीव्हीच्या लाइनमध्ये मात्र प्रकाशाच्या तेजातला बारीकसा चढउतार हाच सिग्नल असतो. परतलेला प्रकाश लेसरपर्यंत पोहोचला, किंवा वाटेत दोनदा आपटून पुढे आला, की त्या चढउतारात नॉइज मिसळतो. तो नंतर कुठल्याही पेटीने काढता येत नाही. हिरव्याला हिरवा, आणि मधला ॲडॉप्टरही हिरवाच.

आणखी एक. बसवण्याआधी प्रत्येक वेळी तोंड पुसा, नवा कनेक्टर पिशवीतून काढलेला असला तरी. फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, आपला केस त्याच्या सात-आठ पट जाड. तिथे धुळीचा एक कण पुरतो. शर्टाला पुसणं आणि तोंडाने फुंकणं बंद करा, थुंकीचे डाग मायक्रोस्कोपमध्ये स्वच्छ दिसतात. क्लिक करणारं साफसफाईचं पेन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद वापरा. ईडीएफएचा (प्रकाश वाढवणाऱ्या पेटीचा) कनेक्टर काढायचा असेल तर आधी त्याचं आउटपुट बंद करा. चालू ताकदीत जोडताना-काढताना कचरा तोंडावर जळून बसतो आणि मग पुसून निघत नाही. आणि तोंड डोळ्यासमोर धरून "प्रकाश येतोय का" हे कधीही बघू नका. १५५० दिसत नाही, पण २३ डीबीएम म्हणजे २०० मिलीवॅट असतात, डोळा जायला पुरेसे.

आमच्या नोडवर एमईआर ३७ आहे, लेव्हलही बरोबर. तरी सगळ्या चॅनेलवर मधूनच चौकोन पडतात, सेकंदभर, आणि जातात. अलीकडे वाहक (चॅनेलचे गट वाहून नेणाऱ्या लहरी) ४० वरून ८० केले, त्यातले काही २५६ क्वामवर नेले. — एक केबलचालक, नागपूर

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण तुम्ही मोजून लिहिलंय.

एमईआर ही सरासरी आहे. क्षणभराचा फटका सरासरीत बुडून जातो, बीईआरमध्ये मात्र दिसतो. सगळ्या चॅनेलवर एकाच वेळी फटका बसत असेल तर माझा पहिला संशय ट्रान्समीटरच्या आत जाणाऱ्या आरएफवर. वाहक दुप्पट झाले की एकूण ताकद ३ डीबीने वाढते, प्रत्येक वाहकाची लेव्हल तीच असली तरी. लेसर एका मर्यादेखाली विझतो. सगळे वाहक योगायोगाने एकाच क्षणी खाली गेले की तो तेवढ्यापुरता विझतो आणि त्या क्षणी सगळ्याच चॅनेलचे बिट मरतात. १५५० च्या मोठ्या ट्रान्समीटरमध्ये लेसर सतत तेवत असतो आणि बाहेरचा मॉड्युलेटर काम करतो. तिथे तो मॉड्युलेटर टोकाला जाऊन अडतो, परिणाम तोच.

तपासायची सोपी रीत सांगतो. एक सुटा नोड कंट्रोल रूममध्येच आणा. ट्रान्समीटरमधून छोटी पॅचकॉर्ड, मध्ये ॲटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) टाकून प्रकाश उणे २ करा, आणि नोडच्या आउटपुटवर दुरुस्तीआधीचा बीईआर बघा. तिथेही चुका पडत असतील तर बाहेरची लाइन निर्दोष आहे. मग ट्रान्समीटरच्या तोंडाशी एक-एक डीबीचे पॅड टाकत जा. दोन-तीन डीबी कमी करताच चुका एकदम थांबल्या तर दोष सापडला. ऑटो गेन (लेव्हल आपोआप सांभाळणारी सोय) चालू असेल तर तो तुमचे पॅड गुपचूप भरून काढेल, तपासणीपुरता मॅन्युअलवर न्या. आणि हाच प्रयोग ट्रान्समीटरच्या आधीही करा, म्हणजे कम्बायनरच्या (सगळे वाहक एकत्र करणाऱ्या पेटीच्या) टेस्ट पॉइंटवर. कम्बायनरनंतरचा ॲम्प्लिफायरच दबलेला असला तर बिचाऱ्या लेसरला दोष देण्यात अर्थ नाही.

२५६ बद्दल : ८ मेगाहर्ट्झच्या एका वाहकात ६४ क्वाम ३८ मेगाबिट नेतो, २५६ क्वाम सुमारे ५०. मोह पडणारच. पण त्याला साधारण ६ डीबी जास्त स्वच्छ सिग्नल लागतो. ज्या गल्ल्यांत शेवटच्या घरी एमईआर ३० च्या खाली आहे, तिथे आधी ॲम्प्लिफायरची साखळी कमी करा, नोड पुढे न्या, आणि मग २५६ चा विचार करा. तोवर ते वाहक ६४ वर परत न्या, असा माझा सल्ला. तुम्हाला तो पटणार नाही, तेही मला माहीत आहे.

नवा ईडीएफए घेतला. २५ किलोमीटरच्या एकाच फायबरमध्ये १९ डीबीएम सोडले, तरी आधीपेक्षा वाईट. हे कसं? — एक वाचक, म्हापसे

एका फायबरमध्ये, एका तरंगलांबीवर, फार ताकद ओतली की काच ती पुढे जाऊ देत नाही. प्रकाशाने काचेतच ध्वनिलहरी उठतात आणि त्या त्याच प्रकाशाला मागे परतवतात. याला ब्रिलुवाँ प्रकीर्णन म्हणतात. साध्या लेसरला ही मर्यादा ७ डीबीएमच्या आसपास येते. चांगल्या १५५० ट्रान्समीटरमध्ये ती दाबण्याची सोय असते, तरी १३ ते १७ च्या पुढे सहसा जाता येत नाही. ट्रान्समीटरच्या पॅनेलवर ही मर्यादा बहुधा सेटिंग म्हणूनच असते, ती वाचा. १९ डीबीएम वाया गेले असं समजू नका. आधी एकास चार किंवा आठचा स्प्लिटर लावा आणि मग लांबच्या फायबरमध्ये सोडा. आठला साडेदहा डीबी जातात, प्रत्येक फाट्यात साडेआठ राहतात, आणि २५ किलोमीटरला तेवढे भरपूर झाले.

जवळच्या नोडवर याच ईडीएफएमधून अधिक ३ वगैरे येत असेल तर तिथे ॲटेन्युएटर लावा. डायोड जास्त प्रकाशानेही विकृती करतो. शून्य ते उणे ३ मध्ये ठेवा आणि पुढे जा.

घरापर्यंत फायबर नेतोय, एकाच फायबरवर इंटरनेट आणि टीव्ही. काही घरांत टीव्हीच्या खालच्या चॅनेलवरच त्रास आहे. प्रकाश उणे ५ येतो. — एक केबलचालक, अंबाजोगाई

प्रकाश पुरेसा आहे. घरातला छोटा रिसीव्हर बघा. त्या फायबरवर १५५० चा टीव्ही आणि १४९० चं इंटरनेट दोन्ही उतरतात. रिसीव्हरच्या आत १४९० अडवणारा फिल्टर हवा. स्वस्त मालात तो नसतो, आणि मग इंटरनेटचा प्रकाशही त्याच डायोडवर पडून नॉइज बनतो. ज्या घरी त्रास आहे तिथे फिल्टरवाला रिसीव्हर लावून बघा. तरीही खालच्या चॅनेलवर थोडा परिणाम उरला तर तो फायबरच्या आतच १४९० ने १५५० ला दिलेल्या धक्क्याचा, रामन परिणामाचा. खालच्या वाहकांची लेव्हल ट्रान्समीटरवर किंचित उचलून तो भरून निघतो. किंचित म्हणजे एक-दोन डीबी. एकूण ताकद वाढते हे नागपूरच्या उत्तरात वाचलंच असेल.

आमच्याकडे "फायबर केबल" आहे, असं केबलवाले भाऊ सांगतात. मग घरात काळी तारच का आहे? संध्याकाळी दहा-बारा चॅनेल एकदम फुटतात, बाकीचे छान दिसतात. तक्रार केली की "पाऊस आहे" म्हणतात. — एक गृहिणी, डोंबिवली

ताई, ते खोटं बोलत नाहीत. फायबर तुमच्या इमारतीजवळच्या नोडपर्यंत येतं. तिथून पुढे जाडी तांब्याची तार, आणि घरात आरजी-६ ही काळी तार. पावसाचं मात्र मनावर घेऊ नका. फायबरला पाऊस लागत नाही, गच्चीवरच्या उघड्या कनेक्टरला लागतो.

दहा-बारा चॅनेल एकदमच का जातात? एका वाहकावर तेवढे किंवा त्याहून जास्त चॅनेल बसवलेले असतात. वाहक बिघडला की सगळे बिघडतात. फक्त एकाच वाहकाला त्रास असेल तर बाहेरचं काही घुसतंय असं समजावं. मोबाइल सेट-टॉप बॉक्सजवळ ठेवता का? केबलची पट्टी ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत असते आणि काही फोन ८२४ ते ८४९ च्या दरम्यान बोलतात. बॉक्समागचा कनेक्टर सैल असेल तर ते सरळ आत शिरतं. चॅनेल फुटत असताना घरातले सगळे फोन विमान मोडवर टाकून बघा. थांबलं तर कनेक्टर नवा, दाबून बसवलेला लावून घ्या. टीव्हीमागे तार सोलून पिळून जोडलेली असेल तर ती जागा आजच तोडायला सांगा. घरात दोन टीव्हींसाठी स्प्लिटर असेल आणि दुसरा टीव्ही काढून टाकला असेल, तर मोकळ्या तोंडावर ७५ ओहमची टोपी हवी. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण कोणी लावत नाही.

आणि त्या भाऊंना सांगा, मीटर लावून एमईआर दाखवा. ३० च्या वर असेल तर घरात बघू, खाली असेल तर त्यांनी बाहेर बघावं.

गावभर एकाच वेळी काही चॅनेल अडकतात. फायबर तपासलं, काही सापडत नाही. — एक केबलचालक, जत

सापडणार नाही, कारण ते डिशवर बिघडतंय. ज्या चॅनेलना त्रास आहे ते एकाच उपग्रहावरून येतात का बघा. सी बँडची डिश ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झ ऐकते, आणि २०२२ पासून ५जीचे टॉवर ३३०० ते ३६७० च्या पट्ट्यात बोलतायत. एलएनबीला (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल वाढवणाऱ्या पेटीला) हे शेजारी फार जोरात ऐकू येतात. त्यासाठी पट्टा-गाळणारा फिल्टर मिळतो, तो फीडहॉर्न (डिशचा सिग्नल गोळा करणारं नळकांडं) आणि एलएनबीच्या मध्ये बसवा. काहीजण तो खाली रिसीव्हरजवळ केबलमध्ये टाकतात. त्याचा उपयोग नाही, तोवर एलएनबी आतूनच दबलेला असतो.